पडद्यामागची खुर्ची

"ही ओळ मी जुळवणार नाही," कालिंदी म्हणाली आणि हातातली अक्षरजुळणीची स्टिक तिने छपाईच्या खिळ्यांच्या लाकडी केसवर आपटली.

गुरुवारची दुपार होती. आमचं 'साप्ताहिक निवाडा' शुक्रवारी पहिल्या एसटीने चिंचखेड तालुक्यात जायचं, म्हणजे गुरुवारी शेवटचं पान मशीनवर चढायलाच हवं. आणि शेवटच्या पानावर असायचं माझं चित्रपट-परीक्षण, 'त्रिनेत्र' या नावाने.

"कोणती ओळ?" मी विचारलं.

तिने माझा कागद उचलला आणि शाळेत पोरांच्या चुका वाचतात तशा आवाजात वाचलं, "'ज्या चित्रपटात नायक, नायिका, आचारी, पोस्टमन आणि प्रेतसुद्धा डावखुरं आहे, त्यात खुनी डावखुरा असल्याचं सांगून नेमक्या एकुलत्या एका उजव्या माणसाला बेड्या घालणारा दिग्दर्शक स्वतःच बेड्यांच्या लायकीचा आहे.'"

"मग? वाक्य लांब झालं का?"

"लांब नाही, खोटं झालंय. हा चित्रपट मी परवा आत्याबरोबर पाहिला. त्यात एकच माणूस डावखुरा आहे, तो खुनी. बाकी सगळे उजव्या हाताचे. माझ्यासारखे."

"कालिंदीबाई, मी समीक्षक आहे. मला दिसतं ते सामान्य प्रेक्षकाला दिसेलच असं नाही."

"खुनी कुठल्या हाताने चहात विष घालतो, हे दिसायला समीक्षक लागतो?"

कोपऱ्यातल्या टेबलामागून विसूभाऊ कोठावळे, म्हणजे आमचे संपादक, छापखान्याचे मालक आणि कालिंदीचे वडील, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "भांडा, पण हात चालू ठेवून भांडा. आणि रंगनाथ, हे तुझं शंभरावं परीक्षण आहे. रविवारी वाचनालयात शाल-श्रीफळ आहे, मामलेदारसाहेब अध्यक्ष आहेत, पत्रिका वाटून झाल्या आहेत. शंभराव्यातच घोळ निघाला तर लोक शाल मला पांघरवतील. तोंडावरून."

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की एवढ्यातेवढ्या हाताचं काय घेऊन बसला हा म्हातारा.

मी जन्माचा डावरा. देवाने मला घडवताना हात बदलले असावेत आणि दुरुस्त करायचं काम शाळेवर सोडलं असावं. आमच्या मास्तरांनी माझा डावा हात दोन वर्षं करगोट्याला बांधून ठेवला. पाढे, श्लोक, भागाकार, सगळं मी एका हाताने शिकलो. खोटं वाटेल, पण एकदा शाळेत साप निघाला तेव्हा सगळी पोरं दोन्ही हात वर करून पळाली आणि मी एक. घरी पानावर डावा हात आला की आजी पळीने मारायची. ती पळी शेवटी माझ्या मनगटाच्या आकाराची झाली. मोठा झालो, बाजार समितीत कारकून लागलो, तोवर उजव्या हाताने लिहायला, जेवायला, नमस्काराला सरावलो होतो. चिंचखेडमध्ये कुणालाही पत्ता नव्हता. फक्त परीक्षणं मी घरी, दार लावून, डाव्या हाताने लिहायचो. उजव्या हाताने मला धान्याची आवक लिहिता यायची, मनातलं नाही.

आणि सिनेमा? आठ वर्षांचा असताना जत्रेत तंबूच्या मागच्या बाजूने, कनातीच्या भोकातून, मी पहिला सिनेमा पाहिला. एक राजपुत्र घोड्यावरून आला, त्याने म्यानातून तलवार उपसली आणि ती त्याच्या डाव्या हातात होती. पाठोपाठ राजाने डाव्या हाताने आशीर्वाद दिला. राणीने डाव्या हाताने ओवाळलं आणि तिला कुणी पळीने मारलं नाही! मी त्या भोकाशी पहिल्यांदा ताठ उभा राहिलो. त्या दिवसापासून माझं पक्कं मत झालं, की मोठी माणसं डावरीच असतात आणि म्हणूनच त्यांना सिनेमात घेतात.

पुढे एका दिवाळीनंतर चिंचखेडच्या बाजारतळावर गुलाबशेठ तांबोळींच्या टूरिंग टॉकीजचा तंबू पडला तो तिथेच राहिला. त्याला एकशे अकरा ठिगळं होती. मी मोजली आहेत. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला. पुढे पूर्ण तिकीट, मागे निम्मं. मागच्यांनाही स्वच्छ दिसावं म्हणून खेळाआधी पडद्यावर पाणी मारायचे. मी 'निवाडा'त लिहायला लागलो तेव्हा गुलाबशेठ मला हाताला धरून मागे घेऊन गेले आणि वाळूत रोवलेल्या एका लोखंडी खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही प्रेसची खुर्ची. खास."

खरी गोष्ट अशी, की पुढच्या तीन खुर्च्या मामलेदार, फौजदार आणि डॉक्टर यांच्या होत्या. पण मला मागची बाजू लहानपणापासून ओळखीची. मी खूश.

दोन वर्षांत नव्व्याण्णव परीक्षणं लिहिली. तारेबिरे मी देत नसे, बोटं द्यायचो. पाच बोटं म्हणजे उत्तम, एक बोट म्हणजे घरी बसा. पौराणिक चित्रपटावर लिहिलं, 'विष्णूने सुदर्शनचक्र डाव्या बोटावर धरलं आहे, ही दिग्दर्शकाची प्रतिभा. चार बोटं.' मारधाडीच्या चित्रपटावर लिहिलं, 'नायकाच्या डाव्या ठोशात सत्याचं बळ आहे. साडेतीन बोटं, अर्धं ठोशात मोडलं.' तमाशापटाला पाच. भुताच्या चित्रपटाला दोनच, कारण भीतीऐवजी कीव यावी इतकं ते भूत हडकुळं होतं. कौटुंबिक रडक्या चित्रपटावर लिहिलं, 'तीन रुमाल जवळ ठेवा,' तर शनिवारच्या बाजारात रुमाल संपले आणि लोकांनी धोतराचे सोगे वापरले. आणि एकदा कडक टीका केली, 'मराठी घरातल्या सुना उजव्या खांद्यावर गुजराती पदर का घेतात? वेषभूषाकाराने उत्तर द्यावं!'

वेषभूषाकाराने काही उत्तर दिलं नाही. वाचकांनीही कधी ब्र काढला नाही. तालुक्यात सगळ्यांना वाटायचं, डावा हात, उजवा खांदा, हे काहीतरी उंची समीक्षेतलं असणार. विचारलं तर आपलंच अडाणीपण दिसेल. म्हणून सगळे मान डोलवत आणि माझी बोटं मोजून तिकीट काढत.

तर अशी शंभरावी वेळ आली आणि तंबूत 'उरलेला चहा' हा रहस्यपट लागला. एका श्रीमंत माणसाला चहातून विष दिलं जातं. गुप्तहेर टेबलावरचा कप बघतो, कपाचा कान उजवीकडे, तरी गर्जतो, 'खुनी डावखुरा आहे!' आणि पकडतो कुणाला, तर विडीसुद्धा उजव्या हाताने पेटवणाऱ्या माणसाला. मी खुर्चीत उसळलो होतो. असली ढिली कथा मी जन्मात पाहिली नव्हती. एक बोट, तेही करंगळी.

आणि आता ही कालिंदी म्हणत होती, की ओळ खोटी आहे.

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. छापखान्यात ती पाच वर्षं खिळे जुळवत होती. तिची बोटं केसच्या खणांत न बघता फिरायची, तळ्यात बदक फिरतं तशी.

"रंगनाथराव, एक विचारू? तुम्ही तंबूत बसता कुठे?"

"प्रेसच्या खुर्चीत."

"ती कुठे असते?"

"पडद्याच्या मागच्या अंगाला. खास आहे."

कालिंदीने तोंडावर पदर धरला. खांदे हलायला लागले. मग तिने केसमधून एक खिळा काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हे कोणतं अक्षर?"

"उलटा क."

तिने तो शाईत टेकवून माझ्या अंगठ्यावर दाबला. "आता?"

"सुलटा क."

"मग तुमच्या पडद्याचं तेच होतंय. तुम्ही खिळा बघताय, आणि गाव छापलेलं बघतंय."

"हे बघा," मी म्हणालो, "मागून अक्षरं उलटी दिसतात हे मला काय ठाऊक नाही? श्रेयनामावली मी कधी वाचलीच नाही. पण अक्षर उलटतं, माणूस कसा उलटेल? अक्षर शिशाचं, ओतलेलं. माणूस हाडामांसाचा आहे."

"पडद्यावर कुठलं आलंय हाडमांस?"

"भाऊ," मी संपादकांकडे वळलो, "तुम्हीच सांगा."

विसूभाऊंनी दोघांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "साडेसहाचा खेळ आहे. दोघे जा, पुढे बसून बघा. शेवटचं पान मी उघडं ठेवतो. रंगनाथ बरोबर निघाला तर कालिंदी ती ओळ ठळक टायपात जुळवेल. कालिंदी बरोबर निघाली तर..." ते थांबले. "तर रंगनाथ, रविवारी मामलेदारांसमोर काय बोलायचं ते तू ठरव. आणि मी बरोबर येतो. मुलगी एकटी कशी पाठवू?"

विसूभाऊ कुठल्याही चित्रपटात पाचव्या मिनिटाला झोपत. ती झोपही त्यांनी सवयीने सोबत घेतली होती.

तंबूच्या दाराशी गुलाबशेठ मला बघून मागच्या कनातीकडे हात दाखवू लागले. "या त्रिनेत्रसाहेब, खुर्ची पुसून ठेवली आहे."

"आज पुढे बसतो, शेठ."

त्यांचा चेहरा पडला. "का? काही चुकलं का आमचं? उशी ठेवू?"

पुढच्या बाजूला मध्ये दोर बांधलेला, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. मी दोराला लागून या बाजूला बसलो, कालिंदी त्या बाजूला. विसूभाऊ माझ्या पलीकडे मांडी घालून बसले आणि दिवे जाण्याआधीच त्यांचा चष्मा नाकावरून उतरला.

पडद्यावर 'उरलेला चहा' ही अक्षरं आली. सुलटी. मला कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरल्यासारखं वाटलं.

मग नायक आला. फोन वाजला. त्याने तो उजव्या हाताने उचलला.

मी दचकलो. शेजारचा म्हणाला, "काय हो, भुताचा आहे का पिक्चर?"

नायिकेने उजव्या हाताने वेणी पुढे घेतली. पदर डाव्या खांद्यावर. आचाऱ्याने उजव्या हाताने ढवळलं. पोस्टमनने उजव्या हाताने तार दिली. मी प्रत्येकाच्या हाताकडे असा बघत होतो, जसा एखादा स्टेशनावर उतरणाऱ्या गर्दीत आपल्या घरचं माणूस शोधतो. राजपुत्र, राजा, विष्णू, ठोसा मारणारे सगळे नायक, एकामागून एक हात बदलून पलीकडे निघून चालले होते.

मग पडद्यावर अंधारी खोली आली. टेबलावर चहाचा कप. आणि बाजूने फक्त एक हात आला, चेहरा नाही. त्याने पुडी उघडली आणि चहात सोडली.

डावा हात. नखापासून मनगटापर्यंत अस्सल डावा. एवढ्या मोठ्या पडद्यावर माझ्या बाजूचा एकच माणूस निघाला होता, आणि तोही खुनी.

दोराच्या पलीकडून एक बाई जोरात म्हणाली, "बघ गं, डावरा मेला! मी म्हटलंच होतं, डावऱ्यांची नियत अशीच."

माझा डावा हात आपोआप मांडीखाली गेला. करगोटा नव्हता एवढंच.

तेवढ्यात मध्यंतर झालं. दिवे लागले. विसूभाऊ घोरत होते. मी उठून पाण्याच्या पिंपाशी गेलो आणि उगाच पाणी प्यालो. मागून कालिंदी आली. मला वाटलं, आता ही जिंकल्याचं हसणार. तिच्या हातात शेंगांची पुडी होती आणि ती हसत नव्हती.

"झालं ना समाधान?" मीच म्हणालो. "रविवारी सांगतो मामलेदारांना, नव्व्याण्णव परीक्षणं रद्दी आहेत. गुजराती पदर! अरे देवा, तो गुजराती पदर!"

"त्याच दिवशी मला पहिली शंका आली होती," ती म्हणाली. "पण तुमचं तोंड पदरामुळे पडलेलं नाही. खरं सांगा."

आता एवढ्या वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं ते पिंपाशी उभा राहून कसं सांगावं? पण मध्यंतर लहान असतं आणि माणूस तहानलेला नसताना किती पाणी पिणार? मी म्हणालो, "कालिंदीबाई, मला वाटायचं सिनेमात सगळे माझ्यासारखे असतात."

"डावरे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"दोन वर्षं तुमचे कागद जुळवतेय. बाजार समितीच्या जाहिराती तुम्ही लिहून देता, त्यांची शाई स्वच्छ. परीक्षणांचे कागद आले की प्रत्येक ओळ पुसट. डाव्या करंगळीची कड ओल्या शाईवरून पुढे सरकत जाते. सगळ्या अंकांतलं तुमचं लिखाण मी तुमच्या करंगळीखालून वाचून काढलंय."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही दार लावून लिहीत होतात. मी का दार उघडू?" तिने पुडीतली एक शेंग फोडली. "चला. मला ती खुर्ची बघायची आहे."

"मागे? बायका मागे बसत नाहीत."

"मी बाई म्हणून नाही येत. छापखान्यातून येतेय."

मागच्या कनातीपाशी गुलाबशेठ आडवे आले. "ताई, इकडे धनगर, हमाल, गाडीवान बसतात. तुम्ही पुढे..."

"शेठ, खुर्ची प्रेसची आहे ना?"

"हो, पण..."

"मग माझ्याशिवाय प्रेस चालतो का, ते भाऊंना विचारा. जागे झाले की."

गुलाबशेठ बाजूला झाले. कालिंदी माझ्या लोखंडी खुर्चीत जाऊन ऐटीत बसली. मी शेजारी वाळूत. दिवे गेले आणि पडदा उजळला.

दोन मिनिटांतच तिने माझा खांदा धरला. "अगं बाई! फौजदार डाव्या हाताने सलाम करतोय!"

"हळू."

"आणि तो बघा, वकील! डाव्या हाताने शपथ! रंगनाथराव, काय ऐट आहे हो डाव्या हाताला! उजव्या हाताने हे सगळं कसं सरकारी दिसत होतं."

ती इतकी हसली की मागचे धनगरही चित्रपट सोडून तिच्याकडे बघून हसू लागले. आणि तेवढ्यात पडद्यावर खुन्याचं पत्र आलं. मोठं, पडदाभर, हाताने लिहिलेलं. पुढच्या बाजूला 'आईगं' असा उद्गार उठला. मागे नेहमीप्रमाणे शांतता. इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं पडद्यावरची पत्रं, तारा, पाट्या, सगळं न वाचताच सोडून दिलेलं. उलटं कोण वाचणार, आणि सुलटं तरी किती जणांना वाचता येत होतं?

कालिंदीने मात्र ते पत्र असं वाचलं, जसं रोज सकाळी ती खिळ्यांची ओळ वाचते. खड्या आवाजात, न अडखळता. "'माझ्या भावाच्या जमिनीसाठी तू त्याला रस्त्यावर आणलंस. तो चहा मी त्याच्या नावाने केला...'"

मागची सगळी बाजू तिच्याकडे वळली.

"म्हंजी भावापायी केलं व्हय त्यानं?" एक म्हातारा धनगर म्हणाला. "आन् आमी त्याला लबाड समजत व्हतो. बाई, परत वाचा की!"

"आता पत्र गेलं, बाबा."

"मग तोंडपाठ सांगा!"

तिने सांगितलं. पुढे एक तार आली, ती वाचली. तुरुंगाची पाटी आली, ती वाचली. शेवटी 'समाप्त' आलं तेव्हा पन्नास माणसं तिच्याकडे बघत थांबली. तिने उभं राहून 'समाप्त' वाचलं आणि मागच्या बाजूने अशा टाळ्या पडल्या, की तंबूचं एकशे बारावं ठिगळ तेव्हाच लागलं.

मी टाळ्या वाजवत नव्हतो. मी तिच्या हाताकडे बघत होतो. मध्यंतरानंतर तिने सगळ्या शेंगा डाव्या हाताने सोलल्या होत्या. निम्म्या तिच्या मांडीवर फुटल्या होत्या, टरफलं केसात गेली होती.

"अवघड जातंय," मी म्हणालो.

"होईल सवय," ती म्हणाली.

छापखान्यात परतलो. विसूभाऊ डोळे चोळत म्हणाले, "छान होता चित्रपट. कोण बरोबर?"

"दोघेही," कालिंदी म्हणाली. "ती ओळ मी जुळवते, भाऊ. पण खाली आणखी चार ओळी लागतील. रंगनाथराव, लिहा."

मी टेबलाशी बसलो, टाक उचलला आणि पहिल्यांदा दुसऱ्या माणसांदेखत डाव्या हाताने लिहू लागलो. विसूभाऊ वाकून बघत राहिले.

"अरे, तू डावरा?"

"हो, भाऊ."

"आणि मी आजवर समजत होतो, की तुझं अक्षरच घाणेरडं आहे!" ते म्हणाले. "आता नीट शाई टिपत जा. मागे टीपकागद पडलाय ढीगभर."

शुक्रवारच्या अंकात परीक्षणाखाली छापलं होतं: 'वाचकांस खुलासा. हे परीक्षण आणि यापूर्वीची नव्व्याण्णव परीक्षणं पडद्याच्या मागे बसून लिहिलेली आहेत. तरी वाचकांनी सर्व हात, खांदे आणि पदर बदलून वाचावेत. बोटं बदलण्याचं कारण नाही. कथा रटाळ असेल तर ती दोन्ही बाजूंनी रटाळच असते. "उरलेला चहा"ला मात्र एकाऐवजी चार बोटं. एक मी पुढून दिलं, तीन मागच्या बाजूच्या प्रेक्षकांनी. - रंगनाथ देवळे, डावरा.'

रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मी सत्काराला नाही, फाशीला आल्यासारखा मंचावर बसलो होतो. मामलेदारसाहेब उठले, घसा खाकरला. मोठा करारी माणूस. तालुक्यातल्या विहिरीसुद्धा त्यांना विचारून आटायच्या.

"मी दोन वर्षं पुढच्या खुर्चीत बसून हे चित्रपट पाहतो आहे," ते म्हणाले, "आणि दर शुक्रवारी 'निवाडा' वाचून मनात म्हणतो आहे, की विष्णूचा डावा हात आपल्याला कसा दिसला नाही? आपल्याला कला कळत नाही. दोनदा तर मी चष्म्याचा नंबर बदलून आणला."

मग डॉक्टर म्हणाले, "साहेब, मी पण!" मग फौजदार. मग शाळेचे मुख्याध्यापक. एकेक जण कबूल करत गेला, हसत गेला, आणि छपरावरची कबुतरं उडाली ती दुसऱ्या तालुक्यात जाऊन बसली.

मामलेदारांनी शाल घातली, नारळ पुढे केला. माझा उजवा हात सवयीने निघाला. तिसऱ्या रांगेत कालिंदी बसली होती. तिने फक्त मांडीवरची डावी मूठ उघडली आणि मिटली.

मी उजवा हात मागे घेतला आणि डावा पुढे केला.

श्रीफळ डाव्या हाताने! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी 'शिव शिव' म्हटलं. मामलेदार थबकले. आणि मंचाच्या मागच्या खिडकीत, जिथे आत जागा न मिळालेले लोक लोंबकळत होते, तिथून त्याच म्हाताऱ्या धनगराचा आवाज आला, "घ्या, घ्या साहेब! आमच्या बाजूनं उजवाच दिसतोय!"

मी तो नारळ असा घट्ट धरला, की घरी जाईपर्यंत खाली ठेवला नाही.

त्यानंतर गुलाबशेठच्या तंबूत लोक एक चित्रपट दोनदा बघू लागले, एकदा पुढून, एकदा मागून. मामलेदारांची खुर्ची महिन्यातून एकदा मागे जायची. आणि मागच्या बाजूला दर खेळाला पत्रं वाचायला कालिंदी यायची, बरोबर भाऊ, झोपायला. मी वाळूत.

वैशाखात आमचं लग्न झालं. मांडवात आम्हाला समोरासमोर उभं केलं आणि भटजींनी मध्ये अंतरपाट धरला. पांढरं कापड, अलीकडे मी, पलीकडे ती. मंगलाष्टकं सुरू झाली. कापड पातळ होतं. उजेड तिच्या मागून येत होता आणि तिच्या मुंडावळ्यांची सावली त्यावर हलत होती.

मी हळूच विचारलं, "कालिंदी, यात पुढची बाजू कुणाची?"

पलीकडून तितक्याच हळू उत्तर आलं, "मी उभी आहे ती."

बावन्न वर्षं झाली. मी मागच्या बाजूला बसलोय, आणि अजून एकदाही मला खुर्ची बदलावीशी वाटलेली नाही.